परवाना आप्पांच्या नावाचा

शिवलिंगप्पा तारमास्तरांविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, मला शंकाच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर काही लिहिलेलं नाही. वडील मेंढरांच्या कानाला खूण करतात, तेवढीच आमची लिखापढी. पण गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या वसतिगृहात रेडिओ बसवला, आणि पहिल्याच संध्याकाळी मुंबईचा निवेदक एका वाक्याच्या मध्येच थांबला. मुलं हसली. कुणी म्हणालं, पान खायला गेला असेल. मला मात्र तारमास्तर आठवले. निवेदक लगेच पुढे बोलू लागला, तरी माझं लक्ष लागेना. खोलीवर आलो आणि हे लिहायला घेतलं.

सोलापुरात तेव्हा एक हौशी रेडिओ मंडळ होतं. दत्तोपंत वकील त्याचे चिटणीस. एक सायकलवाले होते, गिरणीतले एक वीजमिस्त्री होते. या मंडळींनी वकिलांच्या माडीवर एक लहानसं यंत्र उभं केलं होतं, आणि तिथून गाणी, भाषणं, बाजारभाव हवेत सोडायची सरकारकडून परवानगी मिळवली होती. घरात रेडिओ असलेली माणसं गावात फार थोडी. म्हणून बाजाराच्या चौकात एक आणि विणकरांच्या पेठेत एक असे दोन कर्णे खांबांवर बसवले होते. दिवे लागले की त्या कर्ण्यांखाली माणसं जमत.

सरकारने परवाना दिला तो मंडळाला नव्हे, एका माणसाला. काही चुकीचं हवेत गेलं तर ज्याला धरायचं, असा एक जबाबदार इसम त्यांना हवा होता. दत्तोपंतांनी वकिलाच्या चतुराईने अंग काढून घेतलं. शेवटी नाव लागलं ते तारऑफिसातून पेन्शनीत निघालेल्या शिवलिंगप्पांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

मी आप्पांना पहिल्यांदा पाहिलं ते घोंगड्या विकायला गेलो तेव्हा. आवाज घुमू नये म्हणून माडीच्या भिंतींना काहीतरी जाड लावायचं होतं, आणि आमच्या मंद्रूपकडच्या घोंगड्या वकिलांना स्वस्त वाटल्या. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आप्पांनी घोंगडी भिंतीला धरून टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं, आणि मला विचारलं, "तुला वाचता येतं की नाही, बिरप्पा?" माझं नाव बिरू. पण ते कानडी घरातले, त्यांनी ते पहिल्या दिवशीच बिरप्पा करून टाकलं. मी येतं म्हणालो. त्यांनी बाजारभावाचा कागद पुढे केला. मी वाचला. वकील म्हणाले, "आप्पा, याच्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे." आप्पा म्हणाले, "भाव कुणासाठी सांगतोय आपण? त्यांचा पण तोच हेल आहे की." त्या सुट्टीपासून, पुढे कॉलेजात गेल्यावरही प्रत्येक सुट्टीत, मी तिथे भाव वाचत असे.

आप्पा उंच, वाळके, कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात बंद गळ्याचा कोट. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं सदरासुद्धा काढून बसतात. आप्पांच्या कोटाचं वरचं बटनही कधी सुटलेलं मी पाहिलं नाही. आयुष्यभर तारा पाठवल्यामुळे त्यांना जास्तीचे शब्द खपत नसत. कुणी भाषणाचा मसुदा आणला की ते विचारत, "यातलं काय काय काढलं तरी निरोप पोचेल?" आणि पेन्सिल घेऊन विशेषणं खोडू लागत. जेवायला बोलावलं तर "येतो" एवढंच म्हणत, आणि जेवण आवडलं तर काहीच म्हणत नसत.

परवाना त्यांनी काचेत बसवून भिंतीवर लावला होता. रोज कार्यक्रमाच्या आधी, खोलीत जे कोणी असतील त्यांच्यासमोर उभं राहून, ते त्यातल्या अटी मोठ्याने वाचत. लहरीची लांबी ठरलेली. वेळ ठरलेली. बोलायचा प्रत्येक शब्द आधी कचेरीत दाखवून शिक्का मारून आणायचा. राजकारण नाही, जाहिरात नाही, खाजगी निरोप नाही. अट मोडली तर परवानाधारकाने स्वतः लेखी कळवायचं. वीजमिस्त्री पाठीमागे हळूच "जय देव जय देव" म्हणत. आप्पा ऐकू न आल्यासारखं करून पुढची अट वाचत.

मग ते आपल्या जागी बसत. यंत्राशेजारी एक लाकडी खुर्ची, समोर शिक्क्याच्या कागदाची दुसरी प्रत. डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत राही आणि उजवा हात आवाज तोडायच्या खटक्यावर. तास-दीड तास तो हात तिथून हलत नसे. बोलणाऱ्याला समोर ध्वनिग्राहक दिसायचा, आणि त्याच्या पलीकडे आप्पांचा तो हात. चांगले चांगले वक्ते घामाघूम व्हायचे. मीही पहिल्या दिवशी ज्वारीचा भाव एका दमात वाचून टाकला होता.

"आप्पा, एवढं काय घाबरायचं?" असं एकदा मी विचारलं.

"कागद परत मागवता येतो, बिरप्पा," ते म्हणाले. "हवेत सोडलेलं कसं मागवशील?"

माझे वडील एकदा मेंढरं घेऊन गावात आले होते. मी कुठे बोलतो ते पाहायला ते माडीवर आले आणि कांबळं सांभाळत कोपऱ्यात बसले. थोड्या वेळाने आप्पांना म्हणाले, "मास्तर, पोराचा आवाज मंद्रूपला जातोय व्हय?"

"आमच्या यंत्राचा तिथवर जात असेल. तिथं रेडिओ असेल तर ऐकू येईल."

"पाटलाकडं हाय की. मग तेवढं आमच्या घरला सांगा, मी परवा येतोय. उद्या मेंढरं हितंच एका रानात खताला बसवायची हायती."

"तसं सांगता येत नाही. खाजगी निरोप आहे तो. त्याला तार करावी लागते."

"तारंला पैसं पडत्यात की! ह्ये तर नुसतं हवंतनं जातंय. हवा काय सरकारची हाय व्हय?"

"व्हय की," आप्पा शांतपणे म्हणाले. "तीच तर अट आहे."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. असल्या ठिकाणी पोरगा कसा टिकणार, ही काळजी त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. आप्पांनी दुसऱ्या दिवशी मंद्रूपकडे जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याला स्वतः गाठून तो निरोप धाडला. हे मला पुढे वडिलांकडूनच कळलं.

आप्पांच्या कडकपणाची खरी झळ बसली ती त्यांच्या व्याह्यांना. गुरुपादप्पा हेडमास्तर हे त्यांच्या मुलीचे सासरे. गावात मान असलेला माणूस, आवाज खणखणीत. त्यांचं 'घरातील स्वच्छता' या विषयावर भाषण होतं. कागदाला शिक्का होता. पहिली दोन पानं ठीक गेली. मग हेडमास्तरांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की ते कागद सोडून बोलतात, हे त्यांच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. "पण मी विचारतो," ते म्हणाले, "घर स्वच्छ ठेवून काय उपयोग, जर आमच्या नगरपालिकेची गटारं..."

खट्.

हेडमास्तर बोलतच राहिले. काही वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. तिकडे चौकात लोकांना वाटलं, हेडमास्तर बोलता बोलता कोसळले. माणसं धावत माडीखाली जमली, कुणी तर डॉक्टरांनाही घेऊन आलं. जिन्यावरून हेडमास्तर धडधाकट उतरताना दिसले तेव्हा लोक हसले, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

"व्याही म्हणवता आणि चारचौघांत माझं तोंड दाबता?" ते आप्पांना म्हणाले.

"कागदावर गटारं नव्हती," आप्पा म्हणाले.

त्या दिवाळीला आप्पांची मुलगी माहेरी आली नाही. पुढच्या संक्रांतीलाही नाही. आप्पांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त दिवाळीच्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर माडीवर येऊन बसले, आणि अटी वाचताना एकदा मध्येच थांबून त्यांनी पाणी मागितलं. खोलीत तेव्हा वीजमिस्त्रीही होते. त्या दिवशी त्यांनी पाठीमागून काही म्हटलं नाही.

असा माणूस कोरडा असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून नरसम्माची हकीकत सांगितली पाहिजे. नरसम्मा विणकरांच्या पेठेत सूत रंगवायचं काम करी. तिचे हात कोपरापर्यंत कायम लाल. ती तेलुगू गाणी फार गोड म्हणत असे. आप्पांनी तिचं गाणं पेठेतल्या एका लग्नात ऐकलं आणि ठरवलं की हे रेडिओवर व्हायचं. अडचण एकच. कचेरीत तेलुगू वाचणारं कुणी नव्हतं, आणि जे वाचता येत नाही त्यावर शिक्का नाही. वकील म्हणाले, "सोडा ना आप्पा. मराठी गाणारणी काय कमी आहेत?"

"पेठेत कर्णा लावलाय आपण," आप्पा म्हणाले. "त्याखाली उभी राहणारी माणसं घरात काय बोलतात?"

त्यांनी कोर्टातला एक पेन्शनर दुभाषी शोधून काढला, गाण्याचं मराठी करून घेतलं, त्याच्याकडून शपथेवर लिहून घेतलं आणि कागद कचेरीत नेला. तिथे केशवराव कारकून शिक्के मारायचे. माणूस भला, पण भित्रा. त्यांनी कागद वरखाली पाहिला. "आप्पा, यात राजा आलाय. राजा म्हणजे नक्की कोण? वरून विचारतील."

"अंगाई आहे ती, केशवराव. पाळण्यात आहे तोच राजा."

शिक्का मिळाला. नरसम्मा गायली तेव्हा पेठेतल्या कर्ण्याखाली बायका हातातलं काम टाकून आल्या होत्या, असं सायकलवाले सांगत. त्यानंतर महिन्यातून एकदा तिचं गाणं होऊ लागलं. दरवेळी आप्पा तोच खटाटोप करायचे.

आता ती संध्याकाळ. ती मला जशी आठवते तशी सांगतो.

बाजाराचा दिवस होता. मी भाव वाचत होतो, त्यानंतर नरसम्माचं गाणं होतं. कार्यक्रम सुरू असताना दार उघडायचं नाही, हा आप्पांचा नियम तिला पक्का ठाऊक होता. तरी दार धाडकन उघडलं आणि ती आत आली. पदर सुटलेला, धाप लागलेली. आप्पांनी त्याच क्षणी खटका पाडला. माझा भुईमुगाचा भाव अर्ध्यावर तुटला.

"मास्तर, मीठ!" ती म्हणाली. "लोक विष घेऊन गेले मास्तर!"

ती काय सांगते ते कळायला आम्हांला थोडा वेळ लागला. सुताला लाल रंग चढवताना रंगाऱ्यांना एक पांढरा क्षार लागतो. दिसायला बारीक मिठासारखा, चवीलाही खारट. पेठेत त्याला रंगाचं मीठच म्हणतात. पेठेच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे किराणाही मिळे आणि रंगाचं सामानही. पेठेतल्या माणसांना दोन्हीतला फरक ठाऊक, म्हणून दोन्ही पोती शेजारी शेजारी असत. त्या दिवशी दुकानदार आजारी होता आणि त्याचा गावाकडून आलेला जावई गल्ल्यावर बसला होता. नरसम्मा गाण्याला यायच्या आधी रंगाचं मीठ घ्यायला गेली. जावई म्हणाला, "ते बारीक मीठ ना? ते तर सकाळपासून खपलं की सगळं! बाजारकरी तुटून पडले. एवढं पांढरं मीठ त्यांनी बघितलं नव्हतं म्हणे."

"पोटात गेलं तर काय होतं?" आप्पांनी विचारलं.

"ओठ निळे पडतात. श्वास कोंडतो. माझ्या दिराचं पोरगं तसंच गेलं, मास्तर. चिमूटभर खाल्लं होतं."

दत्तोपंत वकील उभे राहिले. "फौजदाराकडे माणूस पाठवा. ते दवंडी देतील."

"पाठवा," आप्पा म्हणाले. सायकलवाल्यांना त्यांनी लगेच चौकीवर पिटाळलं. मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटली होती. घराघरांतून चुलींचा धूर वर चढत होता. "दवंडीवाला सापडून निघेपर्यंत किती घरांत भाजी उतरलेली असेल?"

ते वकिलांकडे वळले.

"कचेरीचे साहेब कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"अकलूजला, कँपात," वकील म्हणाले. "त्यांना तार करून उत्तर येईपर्यंत उद्या उजाडेल. आप्पा, ऐका माझं. शिक्का नसलेला शब्द जाऊ देणं एक. त्यात पेठेसाठी तेलुगूतही बोलावं लागणार. आणि शब्द तरी कुठला? मीठ! बाजारातलं मीठ खाऊ नका असं तुम्ही सरकारी परवान्यावरून लोकांना सांगणार? मिरची म्हटलं असतं तर चाललं असतं. मिठाच्या सत्याग्रहानंतर मीठ म्हटल्यावर हे सरकारी लोक काय समजतील, मी तुम्हांला सांगायला नको. परवाना तर जाईलच. तुमचं पेन्शनसुद्धा अडकेल."

"नरसम्मा," आप्पा म्हणाले, "दुकानात पोतं तू स्वतः पाहिलंस?"

"हात घालून पाहिलं."

"चाखलंस?"

तिने मान हलवली. "जिभेवर ठेवून थुंकलं. मी रोज हातात घेते ते. मला नाही कळणार?"

आप्पांचा हात अजून खटक्यावर होता. मी त्या हाताकडे पाहत होतो. बोटांच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांनी एकदा भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं, वाचल्यासारखं ओठ हलवले. मग खटका वर केला आणि खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीवरून कार्यक्रम चालू असताना उठलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते.

"ऊठ, बिरप्पा," ते म्हणाले. "नाव माझं आहे तर तोंडही माझंच असू दे."

मी बाजूला झालो. ते ध्वनिग्राहकासमोर बसले आणि तार सांगावी तसं बोलू लागले.

"ऐका. आज पेठेच्या तोंडच्या दुकानातून बारीक पांढरं मीठ घेतलं असेल तर खाऊ नका. ते रंगाचं मीठ आहे. विष आहे. भाजीत घातलं असेल तर भाजी फेका. कुणी खाल्लं असेल त्याला दवाखान्यात न्या. शेजाऱ्याला सांगा. दुकानदाराला हात लावू नका, चूक झाली आहे. मी शिवलिंगप्पा तारमास्तर बोलतो आहे."

मग तेच कानडीत. "उप्पू तिन्नबेडी," मीठ खाऊ नका, एवढे शब्द मला समजले. मग त्यांनी नरसम्माला बसवलं. ती तेलुगूत बोलू लागली आणि मध्येच रडू लागली. आप्पा तिच्या खांद्यामागे उभे राहून म्हणाले, "रडू नकोस. रडलीस तर निरोप पोचणार नाही." तिने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

असं आलटून पालटून चाललं. कार्यक्रमाची ठरलेली वेळ संपली तेव्हा वीजमिस्त्रींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आप्पांनी ते पाहिलं. "ती अटही मोडली," ते म्हणाले. "पत्र एकच लिहायचंय. त्यातच घालतो." आणि पुन्हा बोलायला बसले.

चौकातले लोक दुकानाकडे धावले. मी नंतर गेलो तेव्हा दुकानाच्या पायरीवर पुड्यांचा ढीग पडला होता. आणखी येतच होत्या. माणसं जावयाला शिव्या घालत होती, त्याच्या सात पिढ्या काढत होती, पण त्याला कुणी मारलं नाही. तो एका खांबाला धरून उभा होता आणि पुडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता. बाजार करून परत चाललेल्या गाड्या सायकलवाल्यांनी नाक्यापर्यंत जाऊन गाठल्या. काही माणसं दवाखान्यात न्यावी लागली, ती वाचली. पण एक म्हातारी गेली. तिचं घर पेठेच्या मागच्या अंगाला होतं.

आप्पांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठली गल्ली?" मी सांगितली. ते तिथे गेले, गल्लीत उभे राहिले, आणि कर्ण्याच्या खांबाच्या दिशेने पाहत राहिले. मध्ये गिरणीची उंच भिंत होती.

दुपारी केशवराव कारकून स्वतः आप्पांच्या घरी आले. मी तिथे होतो. केशवरावांनी आधी दार लोटून घेतलं.

"आप्पा, काल तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. आमच्या शेजारच्या घरातसुद्धा पुडी होती. आता माझं ऐका. तुम्ही बोललात तेवढा मजकूर एका कागदावर लिहून द्या. मी परवाची तारीख घालून शिक्का मारतो. साहेबांकडे रेडिओ नाही. ते येतील तेव्हा सगळं कागदोपत्री ठीक असेल."

भित्र्या केशवरावांनी हे म्हणावं, याचंच मला नवल वाटलं. दत्तोपंतही आले होते. ते म्हणाले, "घ्या आप्पा. देव पावला असं समजा. मंडळ वाचेल. नरसम्माचं गाणं वाचेल."

"परवा आपल्याला ठाऊक होतं की लोक विष खाणार?" आप्पांनी विचारलं. "मग काल संध्याकाळपर्यंत गप्प का बसलो?"

"असं कोण विचारतंय!"

"मी विचारतोय की." त्यांनी दत्तोपंतांकडे पाहिलं. "वकीलसाहेब, माझ्या व्याह्यांचं तोंड मी बंद केलं. माझी पोरगी दोन वर्षं माहेरी आली नाही. ते गटारांचं बोलले ते खोटं होतं काय? खरंच होतं. पण शिक्का नव्हता. आता माझ्यासाठी मी मागच्या तारखेचा शिक्का घेऊ? मग त्या पोरीला काय सांगू?"

केशवरावांनी मान खाली घातली. आप्पांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, आणि म्हणाले, "तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही." त्यांच्या तोंडून एवढं लांब कौतुक मी दुसऱ्या कुणासाठी ऐकलं नाही.

मग त्यांनी पत्र लिहिलं. कुठल्या कुठल्या अटी मोडल्या ते ओळीने. शेवटी एक विनंती होती: पेठेच्या मागच्या अंगाला गिरणीच्या भिंतीमुळे आवाज पोचत नाही, तरी तिथे तिसरा कर्णा बसवायला मंजुरी मिळावी. दत्तोपंतांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "आप्पा, फाशी जाणारा माणूस उशी मागत नाही हो!"

साहेब कँपातून परत आल्यावर चौकशी झाली. त्या वेळी खोलीत होतो म्हणून मलाही बोलावलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पत्र दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हांला शाबासकी द्यावी की शिक्षा, हेच मला कळत नाही. तुम्ही कळवलं नसतं तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं."

आप्पा उभेच होते. बसायला सांगूनही बसले नव्हते.

"मी वर लिहू शकतो," साहेब पुढे म्हणाले, "की प्रसंग अपवादात्मक होता, आणि परवानाधारकाने पुन्हा असं होणार नाही अशी हमी दिली आहे. एवढी हमी द्या. परवाना तुमच्या नावे राहील."

दत्तोपंतांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. ते आप्पांकडे वळून जवळजवळ विनवणीच्या डोळ्यांनी पाहत होते. मीही पाहत होतो. एक "होय" म्हणायचं होतं.

"पुन्हा असं झालं तर काय कराल?" साहेबांनी विचारलं.

"पुन्हा बोलेन, साहेब," आप्पा म्हणाले. "आणि पुन्हा कळवेन."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "असल्या उत्तराला माझ्याकडे रकाना नाही, मास्तर." त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

काही आठवड्यांनी हुकूम आला. शिवलिंगप्पांच्या नावचा परवाना रद्द. पेन्शनला हात लावलेला नव्हता. मंडळाने दुसऱ्या जबाबदार इसमाचं नाव सुचवलं तर विचार करता येईल, असंही लिहिलं होतं. दत्तोपंतांनी सभा बोलावली. सगळे आप्पांविषयी फार चांगलं बोलले. नाव द्यायची वेळ आली तेव्हा सायकलवाले वीजमिस्त्रींकडे पाहू लागले, मिस्त्री वकिलांकडे, आणि वकील खिडकीबाहेर. मी तेव्हा सज्ञान नव्हतो, म्हणून माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कुणाचंच नाव गेलं नाही. हुकुमाप्रमाणे यंत्र तारखात्याच्या कोठारात जमा करायचं ठरलं.

गुरुपादप्पा हेडमास्तरांनी मात्र त्याच आठवड्यात सुनेला माहेरी पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आप्पांनी दार उघडलं तर मुलगी उंबऱ्यात उभी होती. "कुणी आणून सोडलं?" त्यांनी विचारलं. "मामंजींनी," ती म्हणाली, "ते कोपऱ्यावर उभे आहेत." आप्पा अनवाणीच कोपऱ्यापर्यंत गेले. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. बहुधा काही बोललेच नसतील.

माझी सुट्टी संपली त्या दिवशीच यंत्र न्यायचं होतं. मी ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघालो तर वकिलांच्या दाराशी बैलगाडी उभी होती. आप्पांनी यंत्राच्या पेट्यांखाली कडबा पसरवला होता, आणि भर उन्हात, कोटाचं वरचं बटन लावून, ते गाडीच्या बाजूने चालू लागले. माझी वाट तीच होती. मीही मागोमाग निघालो.

"मास्तर, बसा की गाडीत," गाडीवान म्हणाला. "पायी कशाला हिंडताय उन्हाचं?"

"बैल हळू चालव. आत काच आहे."

"फुटली तर सरकारची फुटंल. आता तुमचं काय हाय त्यात?"

"कोठारात पावती होईपर्यंत माझ्या नावावर आहे," आप्पा म्हणाले.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्यात एक दगडी मोरी आहे. तिथे गाड्या हमखास आदळतात. मोरी दिसताच आप्पा पुढे झाले, त्यांनी गाडीवानाच्या हातून कासरा घेतला आणि बैलांच्या तोंडाशी तोंड नेऊन कानडीत काहीतरी पुटपुटत त्यांना एकेक पाऊल टाकायला लावलं. एक चाक उतरलं, चढलं. मग दुसरं. स्टेशनात माझ्या आगगाडीची घंटा झाली होती, तरी मला तिथून निघवेना.

पलीकडे गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली. वरच्या पेटीवर हात ठेवला, वाकून तिला कान लावला, दुसऱ्या हाताने ती अलगद हलवून पाहिली. आत काही खुळखुळलं नसावं. ते सरळ उभे राहिले आणि गाडीवानाला म्हणाले,

"चल."